काटा, सूज आणि मेंदू : इल्या मेचनिकॉफ यांची जीवनकथा



बाभळीचा काटा पायात कधी रुतलाच नाही, असं पोर आपल्या खानदेशात सापडणं कठीण. शेतातून, बांधावरून अनवाणी पळताना काटा रुततो. आई सुईने काढते, पण टोक आतच राहतं. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. दोन-तीन दिवसांनी पू होतो आणि त्या पुवाबरोबर काट्याचं टोक आपोआप बाहेर येतं. बरोबर ना? आता मला सांगा, हा पू आला कुठून? काटा तर लाकडाचा होता. मग ही सूज काट्याने केली, की आपल्याच शरीराने?

हा प्रश्न एका माणसाने १८८२ साली विचारला. त्याचं उत्तर शोधण्यासाठी त्याने खरोखरच एक काटा घेतला. त्या माणसाचं नाव इल्या मेचनिकॉफ. आज आपण त्यांची जीवनकथा पाहणार आहोत.

पण त्याआधी, मला हा पाठ लिहावासा का वाटला ते सांगतो. माझा एक आतेभाऊ एरंडोलहून पारोळ्याकडे मोटारसायकलवर येत होता. हेल्मेट घरी खुंटीला. रस्त्यात गाडी घसरली, डोकं आपटलं. रक्त फारसं आलं नाही. उठून बसला, पाणी प्यायला, बरा आहे म्हणाला. आम्हीही निश्चिंत झालो. रात्री उलट्या सुरू झाल्या आणि तो सारखा झोपेत जाऊ लागला. मग धावपळ करून धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, की मार लागला तो क्षण तर निघून गेला, आता भीती आहे ती मेंदूच्या सुजेची. मला प्रश्न पडला. पायाची सूज काटा बाहेर काढते, म्हणजे ती आपल्या भल्याची. मग मेंदूची सूज जिवावर का उठते? मी काही डॉक्टर नाही, प्राथमिक शिक्षक आहे. उत्तर शोधत वाचत गेलो आणि या माणसापर्यंत पोहोचलो. चला तर मग.

बालपण

इल्या मेचनिकॉफ यांचा जन्म मे १८४५ मध्ये खारकीव शहराजवळच्या एका खेड्यात झाला. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता, आज तो युक्रेन देशात आहे. वडील झारच्या सैन्यातले अधिकारी. आई ज्यू कुळातली, हुशार आणि वाचनाची आवड असलेली. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटा आणि सर्वांत चळवळ्या.

मोठ्या भावाला शिकवायला घरी एक शिक्षक येत. ते धाकट्या इल्यालाही शेतात, रानात नेऊन झाडंझुडपं ओळखायला शिकवत. झालं! इल्याला निसर्गाचं वेडच लागलं. तो स्वतः शिकलेलं भावंडांना आणि गावातल्या पोरांना शिकवू लागला. पोरं ऐकायला तयार नसत, तेव्हा खाऊचे पैसे देऊन त्यांना समोर बसवायचा! शिक्षक मित्रांनो, आपल्यापैकी कुणी अजून इतकी पाळी येऊ दिली नसेल.

खारकीव विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत संपवला. मग जर्मनीत आणि इटलीत जाऊन समुद्रातल्या लहान लहान प्राण्यांचा अभ्यास केला. वयाच्या २२ व्या वर्षी ते ओडेसाच्या विद्यापीठात शिकवू लागले. वर्गातले काही विद्यार्थी तर त्यांच्यापेक्षा वयाने मोठे होते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मेचनिकॉफ डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. पुढे याच गोष्टीवरून त्यांना खूप बोलणी खावी लागली.

दुःखाची वर्षं

१८६९ मध्ये त्यांचं लग्न ल्युडमिला या मुलीशी झालं. तिला क्षय होता. लग्नाच्या दिवशीही ती इतकी अशक्त होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. चांगल्या हवेसाठी मेचनिकॉफ तिला गावोगावी घेऊन फिरले. पण १८७३ मध्ये मदिरा बेटावर ती गेली. स्वतः मेचनिकॉफ यांचे डोळेही त्या काळात दुखत असत. सूक्ष्मदर्शकातून पाहणं हेच ज्याचं आयुष्य, त्याला पाहता येईना. ते इतके खचले, की त्यांनी स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने वाचले.

दोन वर्षांनी त्यांनी ओल्गा या मुलीशी लग्न केलं. पुढे १८८० मध्ये ओल्गाला विषमज्वर झाला, तेव्हा पुन्हा त्यांचा धीर सुटला. उलट्या-सुलट्या येणाऱ्या एका तापाचं रक्त त्यांनी स्वतःच्याच शरीरात टोचून घेतलं आणि ते मरणाच्या दारात पोहोचले. त्यातूनही वाचले. ओल्गाही बरी झाली.

मुलांनो, हे मुद्दाम सांगतो. मोठी माणसं जन्मतः खंबीर असतात असं काही नाही. हा माणूस दोनदा पार कोलमडला होता. त्याचं सर्वांत मोठं काम त्यानंतरचं आहे. तुमच्या मनावर असं ओझं आलं तर ते एकट्याने वाहू नका. आईला, बापाला, गुरुजींना, बाईंना सांगा.

मेसिनातला काटा

१८८१ मध्ये रशियाच्या झारची हत्या झाली. सरकार कडक झालं, विद्यापीठांवर बंधनं आली. मेचनिकॉफ यांना हे सोसेना. १८८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि ओल्गा व तिच्या लहान भावंडांसह ते इटलीतल्या सिसिली बेटावर, मेसिना या गावी राहायला गेले. समुद्रकाठचं घर, बाहेरच्या खोलीत सूक्ष्मदर्शक मांडलेला. नोकरी नाही, पण मन मोकळं.

डिसेंबरचे दिवस होते. गावात सर्कस आली होती आणि त्यात करामती माकडं होती. घरची सगळी मंडळी सर्कस बघायला गेली. मेचनिकॉफ एकटेच घरी राहिले. ते तारामाशाची पिल्लं बघत होते. तारामासा तुम्ही चित्रात पाहिला असेल. त्याचं अगदी लहान पिल्लू पाण्यासारखं पारदर्शक असतं. आत काय चाललंय ते बाहेरून दिसतं. त्या पिल्लाच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या. वाटेत अन्नाचा कण आला की त्याला कवेत घेऊन गिळून टाकत होत्या.

तेव्हा त्यांच्या मनात आलं, की या फिरत्या पेशी फक्त अन्नच खातात, की शरीरात घुसलेल्या शत्रूलाही खात असतील? तसं असेल, तर या पिल्लाला काटा टोचला की त्या काट्याभोवती गोळा झाल्या पाहिजेत. जशा आपल्या बोटात कुसळ गेल्यावर तिथे पू जमतो तशा!

घराच्या बागेत संत्र्याच्या जातीचं एक छोटं झाड होतं, मुलांसाठी त्याचाच नाताळवृक्ष सजवलेला होता. त्या बागेतून त्यांनी गुलाबाचे काटे आणले आणि तारामाशाच्या पिल्लांच्या कातडीखाली अलगद खुपसले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. पहाटे उठून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बघतात तर काय, प्रत्येक काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला!

आता यात एवढं विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. तर बघा. त्या काळातले बहुतेक डॉक्टर समजत, की सूज म्हणजे रक्तवाहिन्यांचा बिघाड. शिवाय पुवात दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी जंतूंना आसरा देतात आणि शरीरभर पसरवतात, असंही पुष्कळांना वाटे. म्हणजे राखणदारालाच चोर ठरवलं होतं! पण तारामाशाच्या या पिल्लाला रक्तवाहिन्याच नसतात. तरी पेशी काट्याकडे गेल्या. याचा अर्थ, सूज हा नुसता बिघाड नव्हे. सूज म्हणजे जखमेच्या जागी धावून आलेली शरीराची फौज.

या पेशींना ग्रीक शब्दांवरून फॅगोसाइट असं नाव मिळालं. आपण मराठीत भक्षकपेशी म्हणू. खाणारी पेशी ती भक्षकपेशी.

मान्यता काही सोपी नव्हती

एका काट्यावरून जग मानेल कसं? पुढच्या पुराव्यासाठी मेचनिकॉफ यांनी डॅफ्निया हा तळ्यातला टाचणीच्या टोकाएवढा जीव निवडला. तोही पारदर्शक. त्याला एक बुरशी लागते. तिचे बीजाणू सुईसारखे टोकदार असतात. ते आतडं भेदून शरीरात शिरतात. मेचनिकॉफ यांनी प्रत्यक्ष पाहिलं, की पेशींनी बीजाणू वेळेत खाल्ले तर डॅफ्निया जगतो. पेशी कमी पडल्या, बुरशी वाढली, तर डॅफ्निया मरतो. ही खरोखरची लढाई होती आणि ती डोळ्यांना दिसत होती. हे काम १८८४ मध्ये प्रसिद्ध झालं.

तरी टीका थांबली नाही. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं होतं. रक्तातल्या पाण्यासारख्या भागातच जंतू मारणारे पदार्थ असतात, पेशी नंतर फक्त मेलेले जंतू उचलतात, असं ते मानत. रॉबर्ट कॉख हे तेव्हाचं फार मोठं नाव. मेचनिकॉफ आपले नमुने घेऊन त्यांना भेटले, पण तिथेही थंडच स्वागत झालं.

ओडेसात १८८६ मध्ये रशियातलं पहिलं जंतुशास्त्र केंद्र सुरू झालं आणि मेचनिकॉफ त्याचे प्रमुख झाले. तिथे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस दिली जाई. पण ते डॉक्टर नाहीत म्हणून गावातले डॉक्टर सतत विरोध करत. त्यातच मेंढ्यांना लस देताना गडबड झाली आणि पुष्कळ मेंढ्या दगावल्या. मेचनिकॉफ कंटाळले. १८८८ मध्ये ते पॅरिसला गेले. लुई पाश्चर यांनी त्यांना आपल्या नव्या संस्थेत प्रयोगशाळेची जागा दिली. तिथे त्यांनी पुढची २८ वर्षं, म्हणजे शेवटपर्यंत काम केलं.

मेचनिकॉफ यांचा विद्यार्थी आपल्या मुंबईत

ओडेसात मेचनिकॉफ यांच्या हाताखाली वाल्डेमार हाफकिन नावाचा एक विद्यार्थी शिकत होता. १८८९ मध्ये तोही पॅरिसला पाश्चर संस्थेत आला. आधी ग्रंथालयात काम मिळालं, मग प्रयोगशाळेत. हाच हाफकिन १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा मुंबईला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाने ओळखली जाते.

प्लेगच्या काळात लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहत, ही आठवण जुन्या माणसांच्या तोंडून अनेक घरांत आलेली असेल. गुरूने शरीराची फौज दाखवली आणि शिष्याने त्या फौजेला शत्रूची ओळख आधीच करून देणारी लस आपल्या मातीत तयार केली. ही साखळी मला फार मोलाची वाटते.

नोबेल आणि दुसरी बाजू

१९०८ मध्ये मेचनिकॉफ आणि जर्मनीचे पॉल एर्लिक यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. मेचनिकॉफ पेशींच्या बाजूचे, एर्लिक रक्तातल्या पदार्थांच्या बाजूचे. म्हणजे दोघंही बरोबर होते! रक्तातले पदार्थ जंतूंवर जणू खूण करतात आणि भक्षकपेशी त्यांना गिळतात. त्याच डिसेंबरात, २८ तारखेला, मोठ्या भूकंपाने मेसिना शहर जमीनदोस्त झालं. काट्याचा प्रयोग जिथे झाला ते गावच राहिलं नाही, पण शोध राहिला.

आता या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. स्वतः शोधलेल्या भक्षकपेशींच्या मेचनिकॉफ आंधळ्या प्रेमात पडले नाहीत. उतारवयात ते म्हातारपणाचा अभ्यास करू लागले. म्हाताऱ्या माणसांच्या आणि प्राण्यांच्या मेंदूचे काप तपासताना त्यांना मेंदूच्या पेशींभोवती भक्षकपेशी जमलेल्या दिसल्या. त्यावरून त्यांनी मत मांडलं, की ज्या पेशी तरुणपणी आपलं रक्षण करतात, त्याच पुढे आपल्याच मेंदूच्या चेतापेशींना खाऊ लागतात. केस पांढरे होण्याचं कारणही त्यांनी असंच काहीसं सांगितलं होतं. ते आज कुणी मानत नाही. आतड्यातल्या वाईट जंतूंमुळे म्हातारपण लवकर येतं असं समजून ते रोज आंबवलेलं दूध घेत. त्याने आयुष्य वाढतं हेही सिद्ध झालेलं नाही. आपण ताक पितो ते चवीसाठी आणि पोटासाठी, तेवढं पुरे!

सगळे तपशील बरोबर नव्हते. पण मुख्य शंका फार खोल होती. राखणदार हाच कधी घराचं नुकसान करू शकतो का?

पहिल्या महायुद्धाने मेचनिकॉफ यांना फार दुःख झालं. प्रयोगशाळेतली तरुण मुलं रणांगणावर गेली. हृदयविकाराने आजारी असलेले मेचनिकॉफ जुलै १९१६ मध्ये पॅरिसमध्ये वारले. त्यांची रक्षा पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेली आहे.

मेंदूतले राखणदार

मेचनिकॉफ गेल्यावर तीन वर्षांनी, १९१९ मध्ये, स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांचा रंग वापरून मेंदूतल्या एका वेगळ्याच लहान पेशीची ओळख पटवली. तिचं नाव मायक्रोग्लिया. मेंदूला इजा झाली की ही पेशी आपल्या फांद्या आखडते, गोल होते, जखमेकडे सरकते आणि मेलेले अवशेष खाते. म्हणजे मेंदूची स्वतःची भक्षकपेशी! बाकी शरीरातल्या पांढऱ्या पेशी मेंदूत सहज शिरत नाहीत, कारण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात. म्हणून मेंदूला आपले राखणदार घरातच ठेवावे लागतात.

२००५ मध्ये शास्त्रज्ञांनी जिवंत उंदराच्या मेंदूत या पेशी प्रत्यक्ष पाहिल्या. शांत असतानाही त्या आपल्या बारीक फांद्या सतत हलवत आजूबाजूला चाचपत होत्या. लेझरने एक बारीकशी जखम केली, तर काही मिनिटांतच चारी बाजूंनी फांद्या त्या जखमेकडे वळल्या आणि तिच्याभोवती कुंपण तयार झालं. वाचताना मला तर मेसिनाची ती पहाटच आठवली. काट्याऐवजी लेझर, तारामाशाऐवजी मेंदू, बाकी गोष्ट तीच.

आता माझ्या आतेभावाच्या डोक्यात काय झालं असेल ते समजून घेऊ. डोकं आपटलं तेव्हा काही चेतापेशी लगेच तुटल्या, काही बारीक रक्तवाहिन्या फुटल्या. ही झाली पहिली इजा. ती एका क्षणात होते आणि कुणालाही मागे घेता येत नाही. मग मायक्रोग्लिया जाग्या होतात आणि रासायनिक हाका मारतात. पहिल्या दिवसातच रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊ लागतात, पुढच्या काही दिवसांत आणखी भक्षकपेशी येतात. रक्तवाहिन्यांच्या घट्ट भिंती सैल होतात, त्यातून पाणी झिरपतं, मेंदू सुजतो. ही फौज मेलेलं ते साफ करते, जखम भरायला मदत करते. पण तिच्याजवळची जहाल रसायनं शेजारच्या चांगल्या चेतापेशींनाही भाजून काढतात. शेताच्या बांधावरचा पालापाचोळा जाळायला गेलो आणि वाऱ्याने उभी कपाशी पेटली, असं समजा. ही झाली दुसरी इजा. ती काही तासांपासून काही दिवसांपर्यंत वाढत राहते.

पायाच्या सुजेला जागा असते. कातडी ताणली जाते, चप्पल घट्ट होते, एवढंच. पण मेंदू कवटीत बंद असतो. कवटी ताणली जात नाही. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी एवढंच मावतं. सूज आली की दाब वाढतो. दाब वाढला की मेंदूला रक्त कमी मिळतं. रक्त कमी मिळालं की आणखी पेशी मरतात. शेवटी श्वास चालवणारा मेंदूचा खालचा भागच दाबला जातो. म्हणून पायातली सूज मित्र असते आणि मेंदूतली तीच सूज जिवावर उठते. फौज तीच, जागा वेगळी.

मग फौजच बंद केली तर?

हा विचार डॉक्टरांच्याही मनात आला. सूज दाबणारं स्टिरॉइड हे औषध डोक्याला मार लागलेल्यांना अनेक वर्षं दिलं जात होतं. तर्क सरळ होता, की सूज वाईट, तर सूज दाबा. पण खरंच फायदा होतो का? हे तपासायला अनेक देशांत मिळून मोठी चाचणी झाली. १०,००८ रुग्ण घेतले. निम्म्यांना स्टिरॉइड, निम्म्यांना औषध नसलेलं साधं इंजेक्शन. निकाल २००४ मध्ये आला आणि सगळे थक्क झाले. दोन आठवड्यांत मरण पावलेल्यांचं प्रमाण साध्या इंजेक्शनच्या गटात १७.९ टक्के होतं, तर स्टिरॉइडच्या गटात २१.१ टक्के! ज्या औषधाने जीव वाचतील असं वाटत होतं, त्याने उलट जास्त जीव गेले. चाचणी मध्येच थांबवली. मेंदूतल्या गाठीच्या सुजेला स्टिरॉइड आजही उपयोगी पडतं, पण डोक्याच्या मारासाठी ते सरसकट देणं तेव्हापासून थांबलं.

यातून काय शिकायचं? राखणदार नुकसान करतो म्हणून त्याला घराबाहेर हाकलता येत नाही. त्याला नेमका कधी आणि किती आवरायचा, हे शोधायला हवं. जगभर त्यावर संशोधन चालू आहे. काही रुग्णांत तर मार लागल्यावर कित्येक वर्षांनीही या पेशी जाग्याच असल्याचं आढळलं आहे. दुसरी इजा थांबवणारं हमखास औषध मात्र आज हातात नाही. डॉक्टर मेंदूवरचा दाब कमी ठेवतात, प्राणवायू आणि रक्तदाब सांभाळतात, गरज पडल्यास शस्त्रक्रिया करतात आणि शरीराला वेळ मिळवून देतात.

आपल्यासाठी

औषध नाही म्हणजे आपल्या हातात काहीच नाही, असं नाही. आपल्या हातात पहिली इजा टाळणं आहे आणि दुसरीसाठी वेळेत पोहोचणं आहे. सुरत-नागपूर महामार्ग आपल्या जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे या गावांतून जातो. मुंबई-आग्रा महामार्ग धुळे, शिरपूरवरून जातो. शेतावर, बाजारात, शाळेत आपण रोज याच रस्त्यांवरून मोटारसायकलने जातो. हेल्मेट खुंटीला टांगायची वस्तू नाही. मागे बसणाऱ्यानेही ते घालायचं. आणि पट्टा लावायचा, नुसतं डोक्यावर ठेवायचं नाही.

डोक्याला मार लागल्यावर माणूस बोलतोय, चालतोय म्हणून निश्चिंत राहू नका. आमची चूक तीच झाली. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, सारखी झोप येणं, भ्रमिष्टासारखं बोलणं, झटके, एका बाजूच्या हातापायात कमजोरी, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. थकला आहे, झोपू द्या, असं म्हणून रात्र काढू नका.

माझा आतेभाऊ वाचला. आता शेती बघतो. पण बोलताना मध्येच शब्द हरवतो, पटकन चिडतो. पूर्वी तो असा नव्हता. घरचे म्हणतात, स्वभाव बिघडला. मी त्यांना समजावतो, की स्वभाव नाही, मेंदूची जखम आहे. वरून दिसत नाही एवढंच. त्याच्याशी सबुरीने वागायचं. मेचनिकॉफ वाचले नसते तर हे मलाही कळलं नसतं.

पुन्हा कधी पायात काटा रुतेल, तेव्हा त्या सुजेकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. आत तुमची फौज कामाला लागलेली असेल. आणि मोटारसायकलला किल्ली लावाल, तेव्हा खुंटीकडे बघा.

विचार करा आणि सांगा

१. मेचनिकॉफ यांनी प्रयोगासाठी पारदर्शक प्राणीच का निवडले असतील?
२. पायाची सूज आणि मेंदूची सूज यांत कोणता मुख्य फरक आहे?
३. २००४ च्या चाचणीचा निकाल अपेक्षेपेक्षा उलटा का ठरला? तुमच्या शब्दांत लिहा.
४. उपक्रम : तुमच्या गल्लीत किती घरी मोटारसायकल आहे आणि किती जण हेल्मेट वापरतात, याची नोंद करा. वर्गात तक्ता करून लावा.

पाठ कसा वाटला ते नक्की कळवा. वर्गात वाचून दाखवला तर मुलांचे प्रश्नही लिहून ठेवा. मला ते वाचायला आवडतील.